इंदूरमध्ये गाडी कोणाच्या हाती द्यावी?

मे महिना लागला किंवा गणपती जवळ आले की राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर, सगळीकडच्या ग्रुपवर एकच विचारणा सुरू होते: "पुण्याला जायचंय, कोणी भरवशाचा मेकॅनिक सांगा." दहा जण दहा नावं सांगतात आणि दहाही जण खरं बोलत असतात. एकाने क्लच बदलून घेतलेला असतो, दुसऱ्याने डेंट काढलेला, तिसऱ्याने नुसतं ऑइल. क्लचमध्ये ज्याचा हात बसलाय त्याला वायरिंगचं कळेलच असं नाही. म्हणून मेकॅनिकचं नाव विचारण्याआधी काम कोणतं आहे ते ठरवा, आणि मग त्या कामात तो माणूस निदान कसं करतो ते बघा. गाडी उघडण्याआधी तो काय तपासतो, एवढ्यावरून बरंच कळतं.

कोणतं काम कुठे

वॉरंटी चालू असेल तर नियमित सर्व्हिस कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करावी, हे व्यवहाराच्या दृष्टीने सोपं पडतं. पण "बाहेर हात लागला की वॉरंटी गेली" हे सरसकट खरं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना दंड ठोठावताना हेही सांगितलं होतं, की केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येते. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाहेर टायर बदलले किंवा अलाइनमेंट केलं म्हणून इंजिनाची वॉरंटी नाकारणाऱ्या सर्व्हिस अॅडव्हायझरला हे कारण लेखी द्यायला सांगा. बहुतेक वेळा सूर बदलतो.

वॉरंटी संपल्यावरही काही कामं कंपनीतच न्यावीत: रिकॉल, ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) सॉफ्टवेअर, किल्लीचं कोडिंग, एअरबॅग, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीचा हाय व्होल्टेज भाग, आणि डीसीटी किंवा सीव्हीटी प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ब्रेक, सस्पेंशन, क्लच, ऑइल, कूलिंग ही कामं चांगलं खाजगी गॅरेज तितकीच नीट करतं आणि लेबर कमी घेतं. एसीसाठी एसीवाला, वायरिंग आणि अल्टरनेटरसाठी ऑटो इलेक्ट्रिशियन, डिझेल इंजेक्टरसाठी टेस्ट बेंच असलेलं पंपाचं दुकान. सगळं एका छताखाली करून देतो म्हणणारा यातली निम्मी कामं त्याच लोकांकडे पाठवतो आणि वर आपला वाटा लावतो. ते गैर नाही, फक्त आपल्याला माहीत असावं.

मल्टिब्रँड साखळीच्या वर्कशॉपांबद्दल एकच सांगण्यासारखं आहे. तिथे ब्रँडपेक्षा त्या शाखेतला फोरमन महत्त्वाचा. तो बदलला की वर्कशॉप बदललं असं समजा.

"भिया, शॉकअप गए"

इंदूरमध्ये सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते सस्पेंशनवर. समोरून कटकट आवाज येतो, मिस्त्री गाडी एकदा दाबून बघतो आणि निकाल देतो: दोन्ही शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर) बदला. पुष्कळदा दोष असतो स्टॅबिलायझरच्या, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या, लिंक रॉडचा, ज्याची किंमत शॉकअपच्या मानाने किरकोळ असते.

आवाजाची जात ओळखावी लागते. हळू वेगात, छोट्या छोट्या खड्ड्यांवर पुढून कटकट येत असेल तर संशय लिंक रॉडवर. तपासणी फुकटची आहे: दोन्ही बाजूंच्या लिंक खोलून बाजूला बांधून ठेवायच्या आणि त्याच रस्त्यावर हळू एक चक्कर मारायची. आवाज गेला तर लिंकच. ब्रेक मारताना आणि सोडताना 'धप्' असा एकेक ठोका येत असेल तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग 'टंग' करून उडी मारल्यासारखी वाजली तर स्ट्रटचं वरचं माउंट किंवा बेअरिंग. पूर्ण वळण देऊन अॅक्सिलरेटर दाबल्यावर टकटक झाली तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट आधी फाटतं, आणि फाटलं तेव्हाच बदललं असतं तर जॉइंट वाचला असता. वेगाबरोबर वाढणारी घूंघूं, जी स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे केल्यावर कमी-जास्त होते, ती व्हील बेअरिंगची.

चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं तर बॉल जॉइंटचा ढिलेपणा कळतो, आडवं धरून हलवलं तर टायरॉड एंडचा. हे सगळं करायला वीस मिनिटं पुरतात. शॉकअप खरंच गेलाय याच्या खुणा वेगळ्या: दांड्यावरून तेल ओघळलेलं, कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोनदापेक्षा जास्त हलते, टायरच्या कडेला चढ-उतार पडलेले. शॉकअप बदलायचेच असतील तर एका अॅक्सलची जोडी बदलावी, एकटा नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी विचारली की समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते कळतं. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटी कधी आवळायचे? बरोबर उत्तर: गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावर. चाक लटकत असतानाच आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत पकडला जातो आणि लवकरच फाटतो. मग ग्राहक म्हणतो पार्ट डुप्लिकेट होता. आर्म किंवा टायरॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट हवंच. ते न सांगता गाडी हातात देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

स्कॅनर आहे, पण वाचता येतो का?

आता प्रत्येक गॅरेजात स्कॅनर असतो. चेक इंजिनचा दिवा लागला की तो जोडतात, कोड बघतात आणि कोडच्या वर्णनात ज्या सेन्सरचं नाव आलं तो सेन्सर बदलतात. हीच मोठी चूक. कोड पार्ट दाखवत नाही, कोणत्या यंत्रणेत गडबड आहे ते दाखवतो.

उदाहरणार्थ पी०१७१. अर्थ एवढाच, की इंजिनाला इंधनाच्या मानाने हवा जास्त मिळते आहे. बरेच जण ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात, तर तो सेन्सर बिचारा खरं सांगत असतो. जाणकार माणूस लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय, ते बघतो. ते साधारण उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असावं. आयडलवर ट्रिम खूप वर आणि अडीच हजार आरपीएमला खाली येत असेल तर कुठेतरी व्हॅक्यूम पाइप किंवा मॅनिफोल्डचं गॅस्केट हवा ओढतंय. उलट लोड वाढवल्यावर ट्रिम चढत असेल तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा मळलेला सेन्सर. म्हणजे पाच मिनिटांच्या निरीक्षणाने हजारोंचा पार्ट वाचतो.

मिसफायरचंही तसंच. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. त्या सिलिंडरची इग्निशन कॉइल काढून तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. दुसऱ्यावरच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमाने जा. मेकॅनिकने ही अदलाबदल न करता थेट चार कॉइलचा सेट सांगितला, तर "अदलून बघितलं का?" एवढंच विचारा. आणि नुसता कोड पुसून "हो गया भिया" म्हणणं म्हणजे दुरुस्ती नाही. काही किलोमीटरांनी दिवा परत येतो.

एसीचा गॅस दरवर्षी संपत नाही

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की एसीवाल्यांची चांदी. "गॅस कम है, भर देते हैं." एसीची यंत्रणा बंद असते. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस हवेत जाणार.

योग्य पद्धत अशी: आधी केबिन फिल्टर काढून बघायचा, कारण तो चोंदला की गार हवा पुरेशी येतच नाही आणि दोष गॅसवर जातो. मग बॉनेट उघडून कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते बघायचं. त्यानंतर गेज लावायचे. गॅस कमी निघाला तर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने जोड तपासायचे, किंवा यूव्ही डाय टाकून दिव्याखाली बघायचं. गळती बंद झाली की वीस ते तीस मिनिटं व्हॅक्यूम, आणि पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतो का याची खात्री. मग वजन करून गॅस. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. नुसत्या गेजच्या काट्यावर अंदाजाने भरणारा जास्त भरून टाकतो आणि मग एसी आणखी कमी गार होतो. बऱ्याच गाड्यांत आर-१३४ए गॅस असतो, काही नव्यांत आर-१२३४वायएफ. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नसतात, म्हणून भरण्याआधी स्टिकर वाचलाच पाहिजे. वजनकाटा नसलेल्या दुकानात एसीचं काम देऊ नका.

जॉब कार्डवर काय लिहायचं

लोक स्वतःच औषध लिहून देतात: "ब्रेक पॅड बदलणे." वर्कशॉप पॅड बदलतं, थरथर तशीच राहते, आणि तक्रारीला जागाच उरत नाही, कारण सांगितलेलं काम झालेलं असतं. त्याऐवजी लक्षण लिहा: "८० च्या वेगाला ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं, थंड गाडीत कमी, घाट उतरल्यावर जास्त." आता निदानाची जबाबदारी त्यांची. कधी, किती वेगाला, इंजिन गरम की गार, कोणत्या गिअरमध्ये, एवढं लिहिलं की चांगल्या मेकॅनिकचं निम्मं काम होतं. शक्य असेल तर फोरमनला शेजारी बसवून आवाज ऐकवा. त्यासाठी पिथमपूरचा नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक लागत नाही, गल्लीतले गतिरोधक पुरतात.

एस्टिमेट लेखी हवं. त्यात पार्ट नंबर, पार्टची किंमत, लेबर आणि जीएसटी वेगवेगळे. "वाढीव काम निघाल्यास फोनवर विचारल्याशिवाय करू नये" आणि "जुने पार्ट परत द्यावेत" ही दोन वाक्यं जॉब कार्डवर लिहून घ्या. गाडी देताना किलोमीटर आणि इंधनाच्या काट्याचा फोटो काढा. जीएसटीचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के आहे, लेबरवरही १८. छोट्या मेकॅनिकची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नाही. मग तो जीएसटी आकारूही शकत नाही. बिलावर १८ टक्के लावले असतील तर वर जीएसटी नंबर छापलेला हवा.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एस्टिमेटच्या तळाशी काही ओळी हळूच बसलेल्या असतात: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. मालकाच्या पुस्तिकेतलं मेंटेनन्सचं वेळापत्रक उघडा. त्यात नाही ते काम तक्रार नसताना करू नका. कोटिंग कोकणात राहणाऱ्याला थोडं उपयोगी, माळव्याच्या हवेत त्याची घाई नाही.

पार्ट कुठून

छोटी ग्वालटोली किंवा जवाहर मार्गावरून पार्ट आणून मेकॅनिकला द्यावा की त्यालाच आणू द्यावा? बहुतेक वेळा त्यालाच आणू द्यावा, बिल दाखवण्याच्या अटीवर. आपण आणलेला पार्ट आठवड्यात वाजायला लागला तर तो म्हणणार "माल आपका था", आणि त्याचं म्हणणं रास्त असतं. महागडा पार्ट असेल तर मात्र कंपनीच्या डीलरच्या पार्ट काउंटरवर चॅसी नंबर देऊन बरोबर पार्ट नंबर आणि एमआरपी विचारून घ्या. काउंटरवरून सुटे पार्ट कोणालाही विकत मिळतात.

'कंपनीचा' आणि 'डुप्लिकेट' यांच्या मधे आणखी एक चांगली पायरी आहे, ती लोक विसरतात. कार कंपन्या स्वतः सगळं बनवत नाहीत. शॉकअप गॅब्रिएल, ब्रेक ब्रेक्स इंडिया, स्टिअरिंगचे जोड राणे, क्लच व्हॅलिओ, दिवे ल्युमॅक्स, असे पुरवठादार असतात. त्यांच्या स्वतःच्या खोक्यातला माल कंपनीच्या खोक्यापेक्षा स्वस्त आणि दर्जाला बरोबरीचा असतो. ऑइल फिल्टर आणि ब्रेक पॅडमध्ये नकली माल सर्वांत जास्त फिरतो. फार स्वस्त दिसला तर सोडून द्या.

क्लचमध्ये कंजुषी करू नये, कारण गिअरबॉक्स उतरवण्याचं लेबर मोठं असतं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला, आणि गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकच्या मागच्या ऑइल सीलकडे बघायला सांगा. पण आधी क्लच खरंच गेलाय का ते पाहा: चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला अॅक्सिलरेटर एकदम दाबा. आरपीएम चढलं आणि वेग तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. नुसतं पॅडल जड झालं असेल आणि गाडीत केबल असेल तर आधी केबल तपासा.

पहिलं काम लहान द्या

नवीन गॅरेज पारखायला ऑइल बदल उत्तम. तीन-साडेतीन लिटरचं काम, पण त्यात माणूस दिसतो. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलंय की ०डब्ल्यू-२० हे तो बघतो की "ये सब में चलता है" म्हणून जाडं ऑइल ओततो? डब्याचं सील समोर फोडतो का? ड्रेन प्लगचा वॉशर नवा लावतो का? प्लग हाताने सुरू करून पान्याने आवळतो की थेट एअर गन? अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की पुढे प्रत्येक वेळी गळती. ऑइल भरल्यावर इंजिन एक मिनिट चालवून, बंद करून, पाच मिनिटांनी लेव्हल बघतो का?

चाकाच्या नटांकडेही लक्ष ठेवा. छोट्या-मध्यम गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. एअर गनने कमी-जास्त आवळलेल्या नटांमुळे डिस्क किंचित वाकडी बसते, काही हजार किलोमीटरांनी ब्रेक थरथरतात, आणि मग पॅडला शिव्या बसतात. टॉर्क रेंच काढून शेवटचा क्लिक ऐकणारा मेकॅनिक सापडला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

घाटाआधीची तपासणी

बिजासन किंवा भेरूघाट उतरण्याआधी ब्रेक ऑइल सर्वांत दुर्लक्षित. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर ब्रेक तापले की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलावं, रंग काळा होण्याची वाट बघू नये. पॅड तीन मिलिमीटरपर्यंत आले असतील तर प्रवासाआधी बदला. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजून घ्या. लेथवर डिस्क घासून घेताना ती जाडी राहणार असेल तरच घासा.

कूलंट पन्नास टक्के आणि उरलेलं डिमिनरलाइज्ड पाणी. नळाचं पाणी टाकणाऱ्याला हात जोडून थांबवा, त्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतो. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरच्या खुणेला आल्या असतील तर चर्चा नको.

अपघात झालाच तर

विम्याचं काम करताना सर्व्हेअरने बघण्याआधी काही उघडू देऊ नका. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर रबर, नायलॉन, प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि फायबर ग्लासवर ३० टक्के घसारा कापला जातो. काचेवर काही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. शिवाय १५०० सीसीपर्यंत हजार रुपये आणि त्यावर दोन हजार आपल्या खिशातून. बंपरचा छोटा ओरखडा असेल तर नो क्लेम बोनस गमावण्यापेक्षा खिशातून केलेला बरा. आधी दोन्ही आकडे कागदावर मांडा. पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, टो करून न्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना क्रँक फिरला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसेल तर विमा कंपनी त्याचे पैसे देत नाही.

काम बिघडलंच तर आधी वर्कशॉप मॅनेजरला ईमेल, सोबत जॉब कार्ड आणि बिल. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग: मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. दुसऱ्या गॅरेजने तपासून दिलेला लेखी अहवाल आणि परत घेतलेला जुना पार्ट, दोन्ही तिथे पुरावा म्हणून कामाला येतात.